रविवारचं वर्कशॉप परत उघडा : आमच्या तंत्रसंस्थेच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि प्राचार्य साहेब,

स.न.वि.वि.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सोलापुरात ज्यांना माहिती आहे त्यांना लगेच कळेल, बाकीच्यांना नुसता विषय कळला तरी बास आहे. माझं भांडण संस्थेशी नाही, रविवारचं वर्कशॉप आम्हाला बंद करायच्या संस्थेच्या एका निर्णयाशी आहे. तो निर्णय ज्यांच्यावर येऊन पडला त्यांच्यातल्या एकालाही बोलावून विचारलं नाही, आम्ही अर्ज दिले त्याची पोच मिळाली पण उत्तर काही आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, संपला त्याच आठवड्यात वर्कशॉपच्या शटरवर कागद लागला. बाहेरच्या लोकांना रविवारी वर्कशॉप बंद, सायकलींना मोटर बसवायचं बेकायदेशीर आणि धोकादायक काम आवारात होणार नाही, खाली सही शिक्का. त्या रविवारी आम्ही नेहमीसारखे आलो तर वॉचमन मामा म्हणाले ताई मला आत सोडायची परवानगी नाही, माझ्यावर रागावू नका. त्यांच्यावर कशाला रागावू, ते आम्हाला इतकी वर्षं ओळखतात. पण आत आमचे अर्धे झालेले पार्ट आहेत, टेम्प्लेट आहेत, आमच्यातल्या अण्णांची स्वतःची टूल्सची पेटी आहे, ती सुद्धा काढू दिली नाही.

मी कोण ते सांगते म्हणजे माझा यात काय संबंध ते कळेल. मी कुंभारीच्या घरकुलात राहते. सासूबाईंनी सगळा जन्म विड्या वळल्या, मालक यंत्रमागावर आहेत आणि मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. आयटीआय केलंय, त्याच ट्रेडला. घरात एकच गाडी आहे, ती मालकांकडे असते कारण त्यांची पाळी बदलते आणि रात्री यायला दुसरं साधन नाही. मी सायकलवर जाते. अंतर फार आहे असं नाही, पण एप्रिल मेमध्ये आपल्याकडं पारा 40 च्या वर जातो, सीझनला उसाच्या ट्रॉल्या अंगावर येतात, समोरून वारा असतो आणि दिवसभर उभ्यानं काम करून परत जाताना पाय उचलत नाहीत. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले सायकल सोडू नका पण जोर कमी करा. नवीन इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ऐपत नाही, हप्ता परवडत नाही. म्हणून मी चाकाच्या मधोमध बसणारी लहान हब मोटर आणि 36 व्होल्टची बॅटरी असं किट घेतलं.

आता किट घेतलं म्हणजे काम झालं असं ज्यांनी कधी बसवलं नाही त्यांना वाटतं. किट बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर नवीन फॅशनची पोरांची सायकल असते. त्यातली बॅटरी फ्रेमच्या मधल्या तिरक्या पाइपवर बाटलीसारखी बसते. माझी लेडीज सायकल, त्या पाइपची ठेवणच वेगळी, बॅटरीला जागाच नाही. मागच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांत, मोटरच्या ॲक्सलला पुरेशी रुंदी नाही, ताणून बसवावं तर चिमटा वाकडा होतो आणि चाक एका बाजूला घासतं. दुकानदार म्हणाला बसंल की, बांधा दोरीनं. दोरीनं! तीन चार किलोची लिथियमची बॅटरी कॅरियरला दोरीनं बांधून मी अक्कलकोट रोडच्या खड्ड्यातनं जायचं.

तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की या संस्थेत रविवारी जा. तुमच्याच एका निदेशक सरांनी ते सुरू केलं होतं, मशीन आठवड्यातला एक दिवस नुसती पडून असतात तर ज्यांना काहीतरी स्वतःच्या हातानं बनवायचंय त्यांनी यावं, मोडलं तर भरून द्यावं, झाडून जावं, एवढेच नियम. सर रिटायर झाले तरी ते चालू राहिलं. आमचा काही क्लब नाही, नाव नाही, बॅनर नाही. नरसिंग गिरजी मिलमध्ये लेथवर आयुष्य काढलेले अण्णा आहेत, पूर्व भागातले, वय झालंय पण हात अजून थरथरत नाही. शाळेतले एक गुरुजी आहेत ते पत्र्याचं काम असं करतात की जॉइंट शोधावा लागतो. डिप्लोमाची पोरं आहेत त्यांना कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढता येतं. पेपर टाकणारा एक पोरगा आहे, दूधवाले आहेत, एका पायानं अधू असलेला एक भाऊ आहे जो हातानं चालवायच्या तीनचाकीवर मंगळवार पेठेत माल विकतो. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला करून द्यायचं. माझी बॅटरीची पेटी गुरुजींनी केली, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, सीटच्या मागं, आतून रबर लावलेलं, पावसाचं पाणी खालून निघून जाईल असं भोक ठेवलेलं. आणि मी सगळ्यांचं वायरिंग बघायचे. ब्रेक दाबला की मोटर बंद झाली पाहिजे यासाठी ब्रेकच्या लिव्हरला कटऑफ स्विच असतो, तो बहुतेक जण लावतच नाहीत कारण दोन वायर जास्त ओढाव्या लागतात. आमच्यात तो लावल्याशिवाय सायकल दाराबाहेर जात नव्हती. बॅटरीच्या प्लस वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, तो पण तसाच.

एमआयडीसीत जॉबवर्कवाले ढीग आहेत, त्यांच्याकडं का जात नाही असं तुमच्यातल्या एका साहेबांनी विचारलं होतं म्हणे. गेलो होतो की. पहिला प्रश्न, किती नग? एक म्हटलं की हात जोडतात. त्यांचं पण चुकीचं नाही, मशीन सेट करायला जेवढा वेळ एका नगाला तेवढाच शंभराला, मग एका नगाचे पैसे ऐकून आपणच परत येतो. आणि पैसे दिले तरी तो आपण दिलेल्या मापाचा तुकडा कापून देणार, हे माप चुकलंय बाई असं तो सांगणार नाही. अण्णा सांगतात. अण्णा तर आधी कानस नीट धरता आल्याशिवाय लेथजवळ उभं राहू देत नाहीत, डिप्लोमाच्या पोरांना पण नाही.

एक काम कसं होतं ते मी इथं लिहितेच, कारण तुमच्यापैकी कुणी रविवारी आत येऊन पाहिलेलं नाही असं मला वाटतं. पेपरवाल्या पोराला मोटरची चेन डाव्या बाजूनं घ्यायची होती, उजव्या बाजूला पायडलची चेन असते म्हणून. सोपा उपाय म्हणून लोक डाव्या बाजूला पण साधं फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं दात्यांचं चक्र, आट्यावर बसवतात. पण फ्रीव्हीलचे आटे उजवे असतात, उजव्या बाजूला जोर आला की ते घट्ट होतं, डाव्या बाजूला तोच जोर आला की ते उलगडत जातं आणि चालत्या सायकलवर निसटून चेनसकट चाकाच्या तारांमध्ये जातं. अण्णांनी ते चिडून काढायला लावलं. मग डिस्क ब्रेकवालं हब शोधलं, त्याला डाव्या बाजूला सहा बोल्टची जागा असते, त्यावर स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चक्र, बसवायला मधली प्लेट आमची आम्ही केली. त्या सहा भोकांचं वर्तुळ 44 मिलिमीटरचं असतं. अण्णांनी प्लेटला निळा रंग लावला, मध्यावर पंच मारला, डिव्हायडर 22 वर लावून वर्तुळ काढलं आणि तो तसाच न हलवता परिघावर पावलं टाकत गेले. त्रिज्येएवढी सहा पावलं टाकली की बरोबर जिथनं निघालो तिथं येतो, हे सहावी सातवीच्या भूमितीत सगळ्यांनी केलेलं असतं. त्या पोरानं पण केलं होतं पण पेपरात मार्क मिळण्यापलीकडं त्याचा काही उपयोग असतो हे त्याला तिथं कळलं. सहावं पाऊल पहिल्या खुणेच्या किंचित अलीकडं पडलं. पोरगा म्हणाला चालतंय की अण्णा, एवढं कोण बघतंय. अण्णांनी कापडानं सगळं पुसलं आणि डिव्हायडर त्याच्या हातात दिला, आता तू कर. त्यानं केलं, परत केलं, बसलं. त्या प्लेटवर तो आज रोज पहाटे गठ्ठे घेऊन फिरतो.

हे सगळं तुमच्या कागदात ‘धोकादायक काम’ या दोन शब्दांत संपलंय. म्हणून आता तुमच्या कारणांकडं येते.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे तो अपघात. सात रस्त्याजवळ एक पोरगा मोटरवाल्या सायकलवरनं पडला, हात मोडला, आणि कुणीतरी सांगितलं की ही सायकल संस्थेतल्या रविवारच्या लोकांनी केलेली आहे. साहेब, ती सायकल आमच्याकडं कधी आलीच नव्हती. गेटवर वही आहे, प्रत्येक रविवारी कोण आलं, काय काम केलं सगळं लिहिलेलं आहे, ती वही तुमच्याच ऑफिसात आहे, कुणी उघडून बघितली का? मी स्वतः जाऊन त्या पोराच्या घरी सायकल बघून आलेय. पुढच्या चाकात हब मोटर, साध्या चिमट्यात, नुसत्या नटावर आवळलेली. चिमट्याच्या टोकाची खाच दोन्ही बाजूनं उघडलेली, ॲक्सल आतल्या आत फिरलेला, मोटरची वायर पिळून तुटलेली. बघितलं की कळतं काय झालं ते.

हे जरा समजून घ्या कारण सगळा मुद्दा यातच आहे. हब मोटर चाकाला एका दिशेला फिरवते तेव्हा तिचा ॲक्सल उलट दिशेला फिरायला बघतो. ॲक्सलला दोन बाजूनं चपटं केलेलं असतं, 10 मिलिमीटर, ते चपटं खाचेत अडकून त्याला थांबवतं. लहान मोटर सुद्धा चढावर 30 न्यूटन मीटरचा पीळ देते. तेवढा पीळ 10 मिलिमीटरच्या चपट्यावर अडवायचा म्हणजे खाचेच्या कडांवर तीनशे किलोच्या आसपास जोर येतो. साध्या सायकलची खाच पातळ पत्र्याची, ती त्यासाठी बनवलेलीच नाही, रोज थोडी थोडी उघडत जाते आणि एक दिवस ॲक्सल फिरतो. यावर उपाय एक लोखंडी पट्टी आहे, टॉर्क आर्म म्हणतात. सहा किंवा आठ मिलिमीटर जाड एमएस प्लेट, म्हणजे साध्या पोलादाची, तिला ॲक्सलच्या मापाची अगदी घट्ट खाच, आणि दुसरं टोक चिमट्याच्या दांड्याला क्लॅम्पनं पकडलेलं. तोच पीळ 10 सेंटिमीटर लांब टोकाला घेतला की जोर तीस किलोवर येतो, तेवढा क्लॅम्प आरामात धरतो. किटमध्ये ही पट्टी कधी येते कधी येत नाही, आली तर पातळ येते, आणि आपल्या सायकलींच्या दांड्यांना ती बसत नाही कारण प्रत्येकाची जाडी वेगळी. म्हणून ती ज्याच्या त्याच्या सायकलीच्या मापानं करावी लागते. आमच्याकडं सगळ्यात जास्त कुठला पार्ट झाला असेल तर हाच. खाच कानशीनं हळूहळू वाढवायची, ॲक्सलवर बसवून बघायची, हातानं बसली तर सैल, हलक्या हातोडीनं बसली तर बरोबर.

त्या पोराच्या सायकलला ही पट्टी असती तर तो पडला नसता. तो आमच्याकडं आला असता तर पट्टी लागली असती आणि पुढच्या चाकातली मोटर मागं घ्यायला सांगितलं असतं. म्हणजे जिथं धोका पकडला जात होता ती जागा तुम्ही धोकादायक म्हणून बंद केली. शहरात मोटरवाल्या सायकली त्यानं थांबणार नाहीत. कुंभारीत 2024 साली रे नगरची पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात मिळाली, त्यात यंत्रमागवाले, विडीवाल्या बायका, फेरीवाले, सगळे कामाला शहराकडं येणारे आहेत. पेट्रोल परवडत नाही म्हणून लोक किट घेणारच, ऑनलाइन दोन दिवसात घरी येतं. फक्त आता ते दोरीनं आणि तारेनं बांधतील.

दुसरं, बेकायदेशीर. यात मी वकील नाही पण वाचायला येतं मला. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत बदल करण्याबद्दल आहे, ते म्हणतं की आरसीत जे लिहिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. सायकलला आरसी नसते. मग केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 आहेत, त्यातल्या नियम 2 (यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाचं दिलंय. मोटरची पॉवर 250 वॉटच्या आत, वेग 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि पायडलला मदत करणारी मोटर असेल तर वेग 25 ला पोचला किंवा पायडल थांबवलं की ती बंद झाली पाहिजे, अशी असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत. त्यात एक अट अशी पण आहे की हे सगळं सरकारनं ठरवलेल्या चाचणी संस्थेनं तपासून मान्य केलेलं पाहिजे, पुण्याची एआरएआय वगैरे. ही अट मी लपवत नाहीये. कंपनी एक मॉडेल तिकडं नेते, पास करते आणि हजारोंनी विकते. एका बाईनं आपली एकुलती एक जुनी सायकल घेऊन जावं आणि परवडेल अशा पैशात तपासून आणावी, अशी सोय नाही. ती व्हावी म्हणून आम्ही वेगळं भांडू, तुम्ही बरोबर आलात तर चांगलंच. पण तोपर्यंत आम्ही आकडे पाळत होतो की नाही? 250 वॉटच्या वरची मोटर घेऊन कुणी आला तर आम्ही त्याला हात जोडून परत पाठवत होतो, कंट्रोलरमध्ये 25 चा लिमिट लावत होतो. आणि तुमच्या वर्कशॉपमध्ये होत काय होतं तर पट्ट्या, पेट्या, बुश, क्लॅम्प. प्लेटला सहा भोकं पाडणं कुठल्या कलमात बसतं ते मला लेखी दाखवा, मी मान्य करीन.

आगीबद्दल पण कुणीतरी मीटिंगमध्ये बोललं असं कानावर आलं. भीती खोटी नाही, 2022 साली देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरी पेटल्या आणि त्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले, ते बरंच केलं. म्हणून तर सुटे सेल आणून पॅक जोडायला आमच्यात पहिल्यापासून बंदी होती. तयार, बीएमएसवाली, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट आत असलेली बॅटरीच चालेल, आणि वर्कशॉपमध्ये चार्जिंग नाही. तुम्ही नोटीस काढायच्या आधी विचारलं असतं तर दोन मिनिटात सांगितलं असतं.

आता ‘बाहेरच्या व्यक्ती’. हे मला सगळ्यात जास्त लागलं. या संस्थेला जमीन कुणी दिली, पहिली मशीन कशी आली हे तुमच्या स्मरणिकेतच छापलेलं आहे. मिलमध्ये काम करणाऱ्यांच्या पोरांना हुन्नर मिळावं म्हणून गावानं उभी केलेली संस्था आहे ही. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली, पण त्या मिलमधल्या फिटर-टर्नरच्या हातात जे होतं ते अजून थोडंफार शिल्लक आहे, अण्णांसारख्या चार-दोन माणसांत. ते रविवारी फुकट येऊन पोरांना शिकवतात आणि तुम्ही त्यांना बाहेरची व्यक्ती म्हणता. त्या दिवशी अण्णा गेटवर काही बोलले नाहीत, पेटी तेवढी द्या म्हणाले. ती पण नाही मिळाली. त्या पेटीत त्यांचा मायक्रोमीटर आहे, पहिल्या बोनसमधनं घेतलेला. माणसाची हत्यारं अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याच नोटिशीनं मिळत नाही, हे मी स्पष्ट लिहिते.

आणि मशीनचं. जुनं एचएमटीचं लेथ आणि दोन पिलर ड्रिल भंगारात काढायचं टेंडर निघणार आहे असं ऑफिसमधनंच कळलं. लेथ जुनं आहे, मान्य, पण चालू आहे. त्याचा बेड चांगला आहे, चक मागच्या वर्षी आम्हीच उघडून साफ केला, बेल्ट आमच्या पैशानं टाकला. कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं ते चांगलंच झालं, पोरांना नोकरीला लागतं. पण सीएनसीच्या काचेमागं काय चाललंय ते ज्यानं कधी हातानं टूल लावून धातू कापलेला नाही त्याला उमजत नाही, असं तुमचे स्वतःचे निदेशक खाजगीत सांगतात. भंगाराच्या भावानं एचएमटीचं लेथ विकून संस्थेला काय मिळणार आहे?

हे काही आम्ही जगावेगळं मागत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केला, शाळा सोडलेल्या पोरांना हातानं काम करत शिकवायला. तिथं 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर फॅब लॅब सुरू झाली, जिथं गावातला माणूस आपली अडचण घेऊन येतो आणि मशीनवर स्वतः बसून वस्तू बनवतो. खेडेगावात ते होऊ शकतं तर सोलापुरात का नाही, इथं तर घराघरात माग बसवणारी, मोडलेला पार्ट घासून परत चालवणारी माणसं आहेत. 2016 पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, पोरांनी स्वतः काहीतरी बनवावं म्हणून सरकार पैसे देतंय. राज्याचं ई-वाहन धोरण 2021 साली आलं, परत 2025 साली नवीन आलं. सगळीकडं हे पाहिजे म्हणतात आणि जिथं ते एक पैसा न मागता चाललं होतं तिथं कुलूप.

मला कबूल आहे की तुमच्यावर पण जबाबदारी आहे. काही झालं तर पोलीस प्राचार्यांना विचारणार, अण्णांना नाही. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण भीतीवर उपाय नियम असतो, कुलूप शेवटी असतं. आम्हाला नियम घाला. गॉगल आणि बूट नसेल तर आत नाही, चालेल. अठराच्या आतलं पोरगं पालकाशिवाय नाही, चालेल. संस्थेचा एक निदेशक हजर पाहिजे, त्याचा त्या दिवसाचा मेहनताना आम्ही वर्गणीनं देऊ. विमा काढा म्हणालात तर तो पण बघू. जबाबदारीचं पत्र प्रत्येकाकडनं सही करून घ्या. मोटार वाहन निरीक्षकांना एकदा बोलवा, ते स्वतः येऊन आमच्या सायकली उभ्या करून बघू देत, जे चुकीचं वाटेल ते काढायला लावू देत, आम्ही तिथल्या तिथं काढू.

मागण्या सांगते.

अण्णांची पेटी आणि आमचे आत अडकलेले पार्ट, टेम्प्लेट याच आठवड्यात परत द्या. याला कुठल्या मीटिंगची गरज नाही, वॉचमन मामांना एक फोन केला की होतं. त्या तीनचाकीवाल्या भावाचा पुढचा ब्रॅकेट अर्धा वेल्ड होऊन आत पडलाय, तो तोपर्यंत हातानंच चाक मारतोय.

रविवारचं वर्कशॉप वर लिहिलेल्या किंवा तुम्हाला योग्य वाटतील त्या नियमांसह परत सुरू करा. आधी प्रयोग म्हणून तीन महिने करा, पटलं नाही तर तेव्हा कारण देऊन बंद करा.

लेथ आणि ड्रिलचं टेंडर थांबवा. विकायचंच ठरलं असेल तर आधी आम्हाला किंमत सांगा, आम्ही पूर्व भागात आणि एमआयडीसीत फिरून पैसे उभे करायचा प्रयत्न करू आणि मशीन संस्थेतच ठेवू.

नोटिशीतलं ‘बेकायदेशीर’ काढा किंवा कलम लिहा. आमच्यातले काही जण सरकारी शाळेत, कारखान्यात नोकरीला आहेत, त्यांच्या वरिष्ठांपर्यंत हा कागद गेलाय, उगाच माणसं गोत्यात येतायत.

आणि पुढच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आमच्यातल्या दोघांना दहा मिनिटं बोलायला द्या. एक अण्णा असतील. ते जास्त बोलत नाहीत, ते त्या पोराची उघडलेली खाच आणि आमची एक पट्टी टेबलावर ठेवतील. पोराच्या वडिलांनी तो चिमटा आम्हाला दिलाय, तुम्हाला दाखवायलाच दिलाय.

उत्तर लेखी द्या, गेटवर लावलंत तरी चालेल, आम्ही येऊन वाचू. येत्या रविवारी सकाळी आम्ही सगळे गेटवर आहोत, घोषणा नाहीत, गोंधळ नाही, वॉचमन मामांना त्रास देणार नाही. ज्याला आपल्या सायकलचं काही दाखवायचंय त्यानं तिथं घेऊन यावं, रस्त्याच्या कडेला सावलीत बसून जेवढं हातानं होतं तेवढं करू. टॉर्क आर्म नसलेल्यांनी तर नक्की या.

आपली,
कुंभारीची एक इलेक्ट्रिशियन
(आणि रविवारच्या वर्कशॉपमधले सगळे)